कांडी भरेपर्यंत

डॉक्टरांनी माझ्या मज्जातंतूंच्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. त्यावर औषध नाही, हेही इंग्रजीतच सांगितलं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे दोन्ही मला नीट कळलं.

भवानी पेठेतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर बसले, तेव्हा पायातली चप्पल कधी निसटली ते समजलंच नाही. शेजारी बसलेल्या विणकर बाईनं ती काठीनं माझ्याकडे सरकवली.

"माजी बी अशीच जाती. पायाला कळतच न्हाय."

"भीती नाही वाटत?"

"लई वाटती की! पर सुताची कांडी भरस्तोवरच भ्यायचं, पोरी. कांडी भरली की उठायचं."

बोलताना तिची बोटं हवेतल्या कांडीवर सूत गुंडाळत होती.

ती पुन्हा दिसली नाही. मी रोज सकाळी वेणी घालून होईपर्यंतच भिते. कालपासून उजव्या हाताच्या बोटांना केस कळत नाहीत. आजची वेणी अजून संपलेली नाही.