डाव्या सीटची पाठ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मुलाची गाडी अंगणात चालू करून वीस मिनिटं तिच्यात बसून राहिलो. कुठे जायचं नव्हतं. मुलगा नोकरीला परदेशी गेला तेव्हा त्याची जुनी, बाहेरच्या देशात बनलेली मोठी गाडी वसईजवळ चांदीप गावात आमच्या दारात लावून गेला. सांगून गेला, "बाबा, दर रविवारी चालू करा, नाहीतर बॅटरी बसेल." मी जन्मभर भाजीचा टेम्पो चालवला, त्यामुळे गाडीची भीती नव्हती. पण ह्या गाडीला सीट गरम करायचं बटण होतं. वसईच्या उकाड्यात सीट कोण गरम करतो? माझी बायको करायची. वाकून वाकून भाताची लावणी केलेली, पाठ कामातून गेलेली. समोरून एसी थंड, मागून सीट गरम, मध्ये ती डोळे मिटून.

मी म्हणायचो, "एका अंगाने भाजतेस, आता परतू का?"

"तुमी गप बसा. इंजान बघा."

त्या रविवारी ती म्हणाली, "अवो, आज पाठीला गार लागतंय."

बटणावरचा दिवा तर लागलेला. मी हात लांब करून तिच्या मांडीजवळ गादीला लावला. गरम होती. म्हटलं, "गरम आहे की. म्हातारी झालीस, तुलाच गार वाटतं."

"असंल," ती म्हणाली.

दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, हार्ट. मग विचारलं, सकाळपासून काही तक्रार होती का. मी सांगितलं, पाठीला गार लागतंय म्हणाली होती. डॉक्टर म्हणाले, "बायकांचं हार्ट कधी कधी असंही सुरू होतं. पाठीत काहीतरी होतं, अंग गार पडतं."

ते बोलून गेले. माझ्या डोक्यात तेवढंच अडकलं. गार काय होतं, सीट की ती? सीट गार होती तर ती सीटचं बोलली आणि मी मूर्खासारखं उत्तर दिलं, एवढंच. सीट गरम होती तर ती दुखणं सांगत होती आणि मी चेष्टा केली.

तेराव्यापर्यंत गाडीला हात लावला नाही. नंतर आत बसलो, पण ते बटण दाबायची हिंमत होईना. दाबलं आणि आताच काही जळलं, तर तिचं म्हणणं खरं की खोटं हे कायमचं पुसलं जाईल. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तिकडे सीट हीटर कशाला लागतो? फ्यूज काढून टाका." त्याला कारण सांगितलं नाही. सांगायला मलाच नीट येत नव्हतं.

सातिवलीला एक जण छोट्या गाळ्यात गाड्यांचं वायरिंग करतो. त्याच्याकडे गाडी नेली.

"काका, एसी सोडून सीट गरम? बरे आहात ना?"

"बटण दाबू नको. आधी मीटर लाव."

"दाबल्याशिवाय कळणार कसं?"

"मीटरने."

"मग तुम्हीच करा, मी चहा पिऊन येतो," म्हणाला, पण मीटर काढला. फ्यूज बघितला, चांगला होता. सीटमध्ये एअरबॅग असते म्हणून बॅटरीची तार सोडली आणि जरा वेळ थांबला. मग सीटखालचं कनेक्टर काढून गादीच्या दोन तारांना मीटर लावला. आकडा आला. पाठीच्या तारांना लावला तर काहीच नाही.

"पाठीची तार तुटलीय. गादी ओके."

"म्हणजे गादी गरम आणि पाठ गार?"

"हंड्रेड परसेंट."

"आणि हात गादीला लावला तर?"

"तर गरमच लागणार. पाठ बघायची तर पाठीला लावायचा ना हात."

ती पाठीला टेकून बसली होती. तिथे हात घालायचं मला सुचलंच नाही.

कव्हर उघडायला त्याला आधी पाठीवरची गोधडी काढावी लागली. "ही सीटला कोणी शिवली?"

मी शिवली होती. आंघोळ झाल्यावर, देवाची पूजा व्हायच्या आधी चामड्याला पाठ लावायची नाही, असं तिचं होतं. म्हणून तिने जुन्या लुगड्यांची गोधडी केली. तिची सुई चामड्यात जाईना, तेव्हा भाताची पोती शिवायचं दाभण घेऊन मीच चारी बाजूंनी टाके घातले.

त्याने कव्हर सोललं. टाक्याच्या भोकाशीच तार काळी पडून तुटलेली होती. "दाभणाने ह्या तारेचे पदर कापले, काका. दोन-तीन राहिले त्यावर चालली. मग एक दिवस तेही जळले."

कुठला दिवस, ते मला कळलं. आदल्या रविवारी ती त्या पाठीला टेकून घोरली होती. आणि ती गेली त्या रविवारनंतर बटण कोणी दाबलं नाही. सीट गारच होती. ती बरोबर बोलली होती.

हेच ऐकायला मी आलो होतो. तरी मोकळं काही वाटेना. मी विचारलं, "पण बसलेल्या माणसालाच आतून गार लागत असेल, तर ते ह्याच्यात दिसेल?"

तो तारेचं टोक सोलत म्हणाला, "काका, मीटर सीटचा आहे."

एकाच वेळी सीटही गार आणि तीही गार, असंही असू शकतं. हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. त्याने डाख देऊन तार जोडली, वर प्लास्टिकची नळी चढवली, कव्हर बसवलं. परत येताना मी भलत्याच रस्त्याला लागलो आणि जूचंद्रपर्यंत गेलो. तिकडे माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवार नव्हता तरी, आंघोळ केली. गोधडीला तिच्या लुगड्याच्या काठाच्या नाड्या लावल्या आणि ती सीटला बांधली, टाका एकही घातला नाही. गाडी चालू केली, डावीकडचं बटण दाबलं. मी माझ्याच जागी बसलो, आणि हात लांब करून डाव्या सीटच्या पाठीला लावून ठेवला. वीस मिनिटं. मग पूजेला गेलो.