आधी भिंतीला विचारू

कोणाच्याही घरी गेले की काका आधी भिंत वाजवायचे. उन्हाळ्यात माठ घेताना बायका बोटाने वाजवून बघतात ना, तशी. चपला काढायच्या, दाराजवळच्या भिंतीवर टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग बसायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईला वाटलं, गृहस्थ फ्लॅट बघायला आलेत.

आमची सोसायटी कर्वेनगरातली, तीन मजली, बिनलिफ्टची. काका बरोबर आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. हडपसरच्या एका कारखान्यात आयुष्यभर पंपांची डिझाइनं केली आणि निवृत्त झाल्यावर स्पीकर करायला घेतले. लोक निवृत्तीनंतर बाग करतात, ज्येष्ठ नागरिक संघात भांडतात. काकांनी छातीएवढी उंच दोन लाकडी खोकी केली आणि उरलेली वर्षं ती वीतभर पुढे-मागे सरकवण्यात घालवली.

तुम्ही ते स्पीकर पाहिले असते तर तुम्हालाही वाटलं असतं, सुताराची काहीतरी गफलत झाली. मोठा स्पीकर सगळ्यांसारखा समोर होता. पण बारीक, उंच स्वर वाजवणारा जो छोटा स्पीकर असतो, ट्वीटर, तो चक्क पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. आणि तोही आजकालचा रेशमी घुमटाचा नव्हे. जुन्या रेडिओंच्या काळातला, कागदी शंकूचा, जुन्या बाजारात कित्येक रविवार फिरून मिळवलेला.

"समोरून आलेला उंच स्वर टोचतो," काका म्हणायचे. "भिंतीवर आपटून आला की त्याचे काटे मोडतात. आवाज अंगावर येऊ नये. घरात असावा."

मी मान डोलावली. बऱ्याच विषयांत माझं ज्ञान मान डोलावण्याइतकंच आहे.

भिंतही साधी नव्हती. जाड विटांची, खडबडीत गिलाव्याची, वर डिस्टेंपरचे कैक थर. तिच्यावर कॅलेंडर लावायला बंदी होती. काकूंनी एकदा नातवाच्या फोटोसाठी खिळा ठोकला, तर काकांनी तो उपटला, भोक बुजवलं आणि मगच जेवायला बसले. काकू मला म्हणाल्या, "लग्नात मुलगी बघितली होती की भिंत, तेवढं विचारायचं राहिलंय."

एके दिवशी काकांनी मला ऐकायला बोलावलं. कोणा जुन्या गायिकेची भैरवी लावली. मला भैरवी आणि भूप यांतला फरक फक्त कार्यक्रमपत्रिकेवरून कळतो. पण खरं सांगतो, ती बाई स्पीकरमध्ये नव्हती. काकूंच्या शोकेसच्या जरा अलीकडे बसून गात होती. तिने श्वास घेतला की मी अवघडून पाय जवळ घेत होतो.

"काका, यांनाही चहा सांगायचा का?" मी विचारलं.

काका हसले. मोठ्याने हसताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

मग सोसायटीत रिडेव्हलपमेंट आली. माझंही सांगतो, मला दुसरं बाथरूम हवं होतं. घरात चार माणसं आणि सकाळची वेळ, यापुढे कुठलंही संगीत टिकत नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. राहिले काका.

"काका, सहीचं काय ठरलं?" सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये विचारलं.

"भिंतीला विचारून सांगतो."

लोकांना ही टवाळी वाटली. जिन्यात कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याला दुसरं पार्किंग हवंय. ज्या काकांकडे सायकलसुद्धा नाही त्यांनी दुसऱ्या पार्किंगचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. बिल्डरचा माणूस घरी येऊन गेला. मी तिथेच होतो.

"सर, हॉलमध्ये होम थिएटरचे पॉइंट देऊ आम्ही."

"भिंती कशाच्या आहेत तुमच्या?"

"फुल काँक्रीट सर, वरून जिप्सम. एकदम आरसा."

"आरसा आम्ही बाथरूममध्ये लावतो," काका म्हणाले.

प्रकरण कोर्टात गेलं असतं तरी त्यांनी सही केली नसती. पण एका दुपारी काकू भाजी घेऊन येत होत्या आणि दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर बसल्या, त्या उठेचनात. गुडघे. मी पिशवी घेतली, काका खाली आले. काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "अहो, मला लिफ्ट हवी आहे. बाकी काही नको."

संध्याकाळी सही झाली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, 'काका, पार्किंग मिळालं वाटतं.'

बांधकाम होईपर्यंत ते धायरीला भाड्याने राहिले. स्पीकर चादरीत गुंडाळून कोपऱ्यात उभे. "वाजवत नाही?" मी विचारलं. "ही भिंत दुसऱ्याची आहे," म्हणाले. "नवीन घरी बघू."

ताबा मिळाला त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वर गेलो. त्यांच्या नव्या हॉलला एकीकडे सरकत्या काचा होत्या, दुसरीकडे ओपन किचन, तिसरीकडे खोल्यांची दारं. उरलेल्या भिंतीवर बटणं. काकांनी त्या भिंतीवर टकटक केली. मान तिरकी केली. खूप वेळ तशीच ठेवली.

"काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

तरी त्यांनी आठवडाभर खटपट केली. खोकी सरकवली, फिरवली, आतल्या तारेच्या कॉइलचे वेढे कमी-जास्त केले. मला बोलावलं. तीच भैरवी होती, पण गाणारी बाई काचेबाहेर उभी राहून कोणावर तरी ओरडत असावी तशी. या वेळी मान डोलवायचंही मला सुचलं नाही. काकूंनी हळूच विचारलं, "जाड पडदे लावू या का?" काका म्हणाले, "पडद्यात स्वर मरतो. राहू दे."

क्लबहाउसला आरतीसाठी स्पीकर हवे होते. काकांनी देऊन टाकले. पुढे एकदा मी आणि काका खाली गेलो, तर ट्वीटर पुढे आलेले. मागच्या भोकांवर प्लायचे तुकडे ठोकले होते.

"काका, तुमची एक चूक झाली होती," सेक्रेटरी प्रेमाने म्हणाले. "ट्वीटर उलटे बसले होते. इलेक्ट्रिशियनकडून सरळ करून घेतले."

"बरं झालं," काका म्हणाले. "बरीच वर्षं तसंच राहून गेलं होतं."

आता आरतीत झांज कानात सुईसारखी घुसते. सगळे म्हणतात, आवाज क्लिअर आहे.

आमची वास्तुशांत लांबली होती, ती मागच्या महिन्यात केली. दाराजवळची भिंत मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. बायकोचा चपलांचा स्टँड आणि ती, दोघंही त्यावरून माझ्यावर नाराज होती. काका-काकू आले. "लिफ्टने आलो," काकू म्हणाल्या, काशीहून आल्यासारख्या. काकांनी चपला काढल्या. मी पेढ्यांचा ट्रे घेऊन भिंतीपासून जरा बाजूला झालो.

ते सरळ आत गेले आणि सोफ्यावर बसले.

"फ्लोअरिंग छान आहे," म्हणाले.

मी अजून ट्रे धरून दाराशीच उभा होतो.