एका जुवाचे शेजारी

ठमाबाईचं शेत एका बैलावर चालत नव्हतं, आणि दुसरा बैल येसाजीचा होता. उमरठच्या अलीकडच्या त्या वाडीत पुष्कळांची हीच तऱ्हा. जोडी पोसणं झेपत नसे, म्हणून शेजारी शेजारी मिळून नांगर धरत. ठमाबाईचा नवरा मुंबईला गिरणीत. तिचा बैल तांबडा आणि येसाजीचा बांडा, दोघे खोंड असल्यापासून एका जुवाखाली वाढलेले. परक्या बैलाशेजारी तांबडा पाऊल उचलत नसे.

ते एकोणसाठ साल. मुरारीच्या चहाच्या दुकानात तिबेटवर वाद रंगत. तिथला लामा पळून आपल्या मुलखात आला होता आणि चीन रागावला होता. मुरारी म्हणे, "एवढ्या मोठ्या शेजाऱ्याशी वाकडं बरं नाय." येसाजी मांडीवर थाप मारी, "दारात आलेल्याला हाकलायचं? दोस्ती गेली खड्ड्यात!"

नांगरणी अर्ध्यावर आली असताना येसाजीची सून आवडी ठमाबाईच्या मागल्या दारी येऊन उभी राहिली. दंडावर उलथण्याचे ताजे चटके. तिचा नवरा चांगू दोन वर्षं मुंबईहून फिरकला नव्हता, आणि मूल होत नाही म्हणून सासू प्रयागबाई तिला डागत होती.

"काकी, माजा भाऊ न्यायला येईस्तोवर ठेव गो."

भाऊ आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला राहायचा. पावसात ती वाट बंद. ठमाबाईने चटक्यांना खोबरेल लावलं. लावताना तिला आधी येसाजीचा बैल आठवला. स्वतःची लाज वाटली, तरी बैल काही मनातून हलेना.

सकाळी येसाजी बांधावर उभा.

"वैनी, सून भायेर काढ. नायतर बांडा सोडून नेतो."

"लामाला ठेवा म्हणणारे तुमीच ना, भावजी?"

"तो सरकारचा मामला. ही माज्या घरची हाय."

"मग न्या बांड्याला. तुमचं अर्धं रान कुणाच्या बैलानं नांगराल?"

येसाजीने आपल्या नांगरायच्या राहिलेल्या खाचरांकडे पाहिलं. थुंकला. मग जू उचलून बैलांच्या मानेवर ठेवलं.

तेव्हापासून तो रोज नांगर धरी आणि घराकडे वळला की आवाज चढवी, "चोर लपवणाऱ्यांचं भात पिकतं कसं बघू!" आवडीला ना पाणवठा, ना ओटी, चुलीमागच्या अंधारात ती भाकऱ्या थापी. ज्याच्या शेतात जोत चाले, त्याने नांगऱ्याला जेवू घालायचं ही रीत, म्हणून त्याच भाकऱ्या ठमाबाई बांधावर नेई.

"तिच्या हातची हाय ना?" एकदा येसाजीने विचारलं.

"हाय. नको?"

त्याने खाल्ली. दुसरीही मागितली.

दोघांच्याही शेवटच्या खाचरात चिखलणी झाली तसं त्याने जू उतरवलं. "झालं तुजं काम, वैनी. उद्या प्रयागला घेऊन येतो. कोण अडवतंय बघतो."

 ठमाबाई हात धूत म्हणाली, "भातामागं वाल पेरायचे हायत, भावजी. तुमचेपण. तवा जोडी लागंलच."

येसाजीने बांड्याच्या मानेवरचा चिखल खरवडला. "वालापातूर," एवढंच म्हणाला आणि बांड्याला ओढत निघाला.

घरात आवडी दाराआड उभी होती. "काय म्हणाले, काकी?"

"वालापातूर नाय येत तुला न्यायला."

"आन मग?"

ओलं लाकूड पेटत नव्हतं. ठमाबाई फुंकत राहिली. बाहेर तांबडा बांड्यासाठी हंबरत होता, आणि बांधापलीकडून बांडा त्याला ओ देत होता.