ओटीचं खोबरं

उज्वलाला ओझरच्या विमानतळावर लागून तीन वर्षं झाली होती. विंचूरच्या गल्लीत मात्र ती तीनही वर्षं काउंटरवर बसून तिकिटं तपासत होती. खोटं ती एकदाच बोलली, वाढवलं ते लंकामावशीनं. आईमागं उज्वलाला हिनंच लहानाची मोठी केलेली, तेव्हा "आमची पोरगी विमानतळावर साहेब हाय" हे मिरवायचा हक्कही तिचाच.

खरं असं, की उज्वलाच्या हातात मॉप असायचा. मान मोडेपर्यंत वर बघावं असं छत, जिकडंतिकडं काचा, आणि खाली तोंड दिसेल अशी फरशी. लोक आल्या आल्या वर बघायचे, उज्वला खाली. आधी तिला कामाची लाज वाटायची, मग खोट्याची वाटू लागली, आणि आता तर मावशीचा फोनही नकोसा व्हायचा.

मावशी सुनेच्या डोहाळजेवणाला हैदराबादला निघाली. जन्मातलं पहिलं विमान!

"उज्वला, ओटीचं सुकं खोबरं हातातल्या पिशवीत चालंल ना गं?"

उज्वला बाहेरच्या हॉलमध्ये पुसायची, आतलं तिला ओ की ठो माहीत नव्हतं. पण साहेबानं माहीत नाही म्हणायचं कसं? "ने की मावशी, कोण अडवतंय!"

मावशीच्या विमानाच्या दिवशी तिनं सुट्टी मागितली. ती तर मिळाली नाहीच, उलट आतलं पुसणारी मैना आली नाही म्हणून सुपरवायझरनं तिला आत, सामान तपासतात तिथं पाठवलं.

मावशीची पिशवी मशीनमधून बाहेर आली आणि अडली.

"आजी, सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. तेल असतं त्यात, पेट घेतं."

"आमच्या उज्वलानं सांगितलंय, चालतंय म्हणून. हितंच साहेब हाय ती."

"उज्वला?" तपासणाऱ्यानं मान वळवली. "आमच्याकडं एकच उज्वला आहे. ती बघा."

दोघींची नजरानजर झाली. 'मावशी' एवढंच म्हणायचं होतं. उज्वलानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायला घेतली.

मावशीनं तिच्या हातातल्या मॉपकडं बघितलं.

"नाय साहेब," ती म्हणाली, "ही नव्हं. आमची येगळी."

खोबऱ्याची वाटी कपाळाला लावून तिनं टेबलावर ठेवली.

रांगेतले बाकीचे ओल्या फरशीवरून बूट आपटत, चाकाच्या बॅगा ओढत तरातरा पुढं गेले. मावशीनं चपला काढून हातात घेतल्या, लुगडं जरासं उचलून धरलं, आणि भिंतीच्या कडेकडेनं कोरड्यावरून गेली. शाळकरी उज्वला घर पुसायची तेव्हाही ती अशीच जायची, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दटावायची, "कडंनं जा रे, पोरीनं आत्ताच पुसलंय."

आज ती कुणाला काही बोलली नाही.