उलटी शिवलेली गल्ली

गल्लीत सगळे तिला टाचणी म्हणत. शिवताना तोंडात टाचण्या धरायची सवय, आणि बोलणंही तसंच टोचणारं. धरणाचं पाणी सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधीच अंगणात शिरलं, तेव्हाही ती उंबऱ्यात शिलाई मशीन घेऊन बसली होती. "तुमच्या पाण्याला तारीख वाचता येत नाही का?" असं तिने सामान न्यायला आलेल्या ट्रकवाल्याला सुनावलं.

नव्या वसाहतीत घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. भिंती पक्क्या, नळ दाराशी. पण एका गल्लीची माणसं दहा दिशांना पांगली. टाचणीच्या जाऊबाई तिच्याजवळच होत्या. त्यांना लहानपणापासून दिसत नव्हतं. तरी जुन्या गल्लीत भिंतीवर हात टेकवत त्या एकट्या हिंडायच्या. भुशाचा वास आला की सुताराचं घर, धग लागली की लोहाराचं. घरोघरी बसून, चार सल्ले देऊन मगच परत. इथे मात्र खाट सुटेना. बोलणंही आटत चाललं.

"जाऊबाई, चला, मी नेते फिरवून."

"मी काय गाय आहे, दावं धरून न्यायला?"

त्या दिवशीच टाचणीने ठरवलं, जाऊबाई गल्लीत जात नाहीत ना, मग गल्लीच उचलून आणायची. तोच शेजार, तसाच ओळीने.

ती दारोदार फिरली. तिच्या नव्या घराच्या ओळीत चिठ्ठी निघालेल्या परगावच्या लोकांनाही आपापला जुना शेजार हवाच होता, ते चटकन तयार झाले. सुतार कुरकुरला, तर तो हो म्हणेपर्यंत त्याची विजार तिने शिवलीच नाही. कचेरीतले साहेब म्हणाले, "घरं बदलता येत नाहीत, बाई. कागद झालेत."

"कागद राहू द्या की जिथल्या तिथे. आम्ही फक्त झोपायला दुसरीकडे जातो."

साहेबांना हसू फुटलं. "कोण कुठे झोपतं ते बघायला मला सवड नाही," म्हणून त्यांनी फायलीत डोकं घातलं.

अडून बसला तो लोहार. हमरस्त्यावरचं कोपऱ्याचं घर मिळालेलं, गिऱ्हाईक भरपूर. शेवटी त्याची बायकोच भांडी घेऊन निघाली. "भाता इथे, चूल तिकडे. भूक लागली की या." लोहाराने एक दिवस मिशीला पीळ दिला, दुसऱ्या दिवशी भाता खांद्यावर टाकून आला.

सगळे स्थिरस्थावर झाले. जाऊबाई बाहेर आल्या, सुताराकडे म्हणून उजवीकडे वळल्या आणि चार पावलांवर दचकून थांबल्या. तोंडावर भट्टीची धग!

टाचणीने कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं उंबऱ्यात बसून पाहिलेली गल्ली. उजव्या हाताला सुतार, डाव्या हाताला लोहार. पण नवी ओळ लावताना ती रस्त्यात, घरांकडे तोंड करून उभी होती. सुतार उजव्याच हाताला बसवला आणि सगळी गल्ली उलटी झाली.

"आता पुन्हा उचला म्हणालात, तर मी धरणातच जाऊन राहीन!" लोहार ओरडला.

जाऊबाई खदखदून हसल्या. वसाहतीत आल्यापासून पहिल्यांदाच. "अगं बावळट, एवढी शिवणारीण तू, आणि पोलकं उलटं शिवलंस? असू दे. उलटं असलं तरी मापाचं आहे." आणि दुसरा हात भिंतीला लावून त्या चालू लागल्या.

दुपारी ताट निवलं, तरी त्यांचा पत्ता नाही. टाचणी घाबरीघुबरी धावली. गल्लीच्या पार टोकाच्या घरात जाऊबाई मांडी घालून बसल्या होत्या, त्या घरच्या सुनेला काहीतरी ठणकावून सांगत.

"माग काढत आलीस? मी काय हरवलेय? जा, जेवून घे तू."

टाचणी एकटीच परत निघाली आणि वाटेत दिसेल त्याला, न विचारता, सांगत सुटली, "आमच्या जाऊबाई घरी नाहीत हं!"