दहाव्याचे समन्वयक

येसाजी बाळू ठोंबरे, वय अंदाजे पंचेचाळीस, राहणार साजगाव. पदनाम: समन्वयक, पालक व हितचिंतक देणगी विभाग. नियुक्तीचे स्वरूप: तात्पुरते. कार्यक्षेत्र: संपूर्ण खालापूर तालुका आणि कर्जतचा जेवढा भाग मोटरसायकलच्या पेट्रोलात बसेल तेवढा.

कामाची जागा मात्र नदीकाठ. शाळा खासगी. देणगीचे मार्ग तिने रंगीत कागदावर छापले होते: वर्गखोलीला नाव, बाकाला नाव, पंख्याला नाव. त्या कागदावर एक पंखाही आला नाही. येसाजी लोकांच्या दहाव्याला जाऊ लागला, तेव्हा वर्गात वारा आला.

पद्धत साधी होती. पिंड मांडले की लोक मागे सरत आणि कावळ्याची वाट बघत. कावळा लगेच शिवला तर येसाजी नमस्कार करून निघे. नाही शिवला की घरचे मयताच्या राहिलेल्या इच्छा आठवून शब्द देऊ लागत: धाकटीचं लग्न करू, भाऊ भाऊ भांडणार नाही. इच्छा संपल्या की येसाजी हळूच म्हणे, "आबांना शाळेची लई ओढ व्हती." आबा कधी शाळेत गेले होते का, हे त्या उन्हात कोणी विचारत नसे. पंखा कबूल होई. कावळाही कधीतरी येई.

"कावळ्याला किती टक्के देतो रं?" लोक तोंडावर विचारत. तो हसून घेई. त्याला एवढंच हवं होतं की नोकरी कायम व्हावी. कायम माणसाच्या मुलाला त्या शाळेत फी नव्हती. बायको सोनाली दर जूनला लेकीचं विचारी, "प्राचीचं यंदा तरी होईल का?" यंदा मेमध्ये सोनालीच काविळीने गेली. शेवटचं बोलली तेही प्राचीच्या शाळेचंच.

तिच्या दहाव्याला शाळेचे सचिव जातीने आले. कावळे आंब्यावर बसून होते.

"तुज्या आईला मी सांभाळीन," येसाजी हात जोडून म्हणाला. "प्राचीला कदी मारणार नाय."

कावळे बसूनच.

मेहुणी जनी भडकली. "दुसऱ्याच्या दहाव्याला बरं सुचतं तुला! पोरीच्या शाळंचं बोल की रं!"

जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द मयताला द्यायचा नसतो, हे येसाजीइतकं घाटावर कोणाला ठाऊक असणार? त्याने सचिवांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"सायेब, आता तुमीच बोला," चुलता म्हणाला. "बाई तुमच्यापाशी अडलीय."

सचिवांनी घसा खाकरला, पिंडाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "सदर प्रवेशाबाबत संस्था सकारात्मक विचार करील."

ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे. सचिव जेवायला थांबले नाहीत. शाळेत प्रवेशांची गर्दी होती.

प्राची गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत बसते.