पाटीवरचे सहा सेकंद

नवऱ्याने जर्मन बनावटीची जुनी रेसची गाडी घेतली, तेव्हा आम्हाला ग्लेन वेव्हर्ली या परदेशातल्या उपनगरात येऊन चार वर्षं झाली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. ओळखीचे बाकीचे मराठी इंजिनिअर शनिवारी लॉन कापायचे. आमच्या गॅरेजमध्ये मात्र ही दोन दारांची नारिंगी सेडान, मागची सीट काढलेली, आत गाडी उलटली तर जीव वाचवणारा लोखंडी पिंजरा. हौसेला मोल नसतं, असं मी मैत्रिणींना हसून सांगायचे. भीती वाटायची ते सांगत नसे.

गाडी ज्यांच्याकडून घेतली, ते म्हातारे जर्मन गृहस्थ तरुणपणी मायदेशी अशाच गाड्या पळवायचे. त्यांनीच मला कामाला लावलं. ट्रॅकच्या कडेच्या भिंतीशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, मागची गाडी किती सेकंदांवर आहे ते मोजायचं आणि पुढच्या फेरीला तो आकडा पाटीवर लावून नवऱ्याला दाखवायचा. वेगात गाडीचा आरसा इतका थरथरायचा, की मागचं धड काही दिसत नसे. म्हणून ड्रायव्हर पाटीच्या भरवशावर असतो, असं त्यांनी मला बजावलं होतं. त्यांची बायको वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी पाटी धरायची म्हणे.

एका रविवारी नवरा पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण आधीच्याच शर्यतीत एक गाडी माझ्या डोळ्यांदेखत उलटली होती. तिचा ड्रायव्हर चालत बाहेर आला, तरी ती उलटी गाडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्यात हा बाबा दर फेरीला आणखी उशिरा ब्रेक मारत होता आणि वळणावर गाडी मागून घसरत होती. मागची हिरवी गाडी दोन सेकंदांवर होती. म्हातारबुवा टायर बघायला मागे गेले होते. मी पाटीवर सहा लावले.

पुढच्या फेरीला तो खरंच सावकाश आला. माझा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही झाले. हिरवी गाडी एका सेकंदावर आली, तरी सहाचा आकडा मी हलवला नाही.

शेवटच्या वळणावर तो निवांत आत वळला, आणि तिथे हिरवी गाडी होती. आमची गाडी गरगर फिरत गवतावरून टायरांच्या भिंतीवर आदळली. धुळीत काही दिसेना. हातातलं घड्याळ चालूच होतं. गाडीचं दार उघडेपर्यंत मी घड्याळाकडेच बघत राहिले, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

त्याचा ओठ फुटला होता, एवढंच. गवतावर माझ्याशेजारी बसून तो म्हणाला, "सहा होते ना?"

आकडा चुकला म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "दोन होते. तू हळू जावास म्हणून सहा लावले."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी आरशात बघितलंच नाही. तुझी पाटी होती ना."

पुढच्या शनिवारी त्याने गाडीत दुसरा, मोठा आरसा पिंजऱ्यालाच घट्ट बसवला. मी पाना हातात देत शेजारी उभी होते. त्यानंतर तीन वर्षं मी पाटी धरली, एकही आकडा खोटा लावला नाही. तो आधी आरशात बघायचा.